केळीच्या सोपटातला चहा

बासेमेराच्या चहाच्या पथारीसमोर येऊन त्या तरुणाने डोक्यावरची टोपी काढली, छातीशी धरली आणि मान खाली घालून उभा राहिला.

शनिवारचा म्पांगा बाजार केळीच्या घडांनी आणि माणसांनी फुलला होता. सकाळपासून तिच्याकडे एकही गिऱ्हाईक फिरकलं नव्हतं, आणि आलं ते हे असं.

"काय झालं?" तिने विचारलं.

"ते तुम्ही सांगायचं," तो हलक्या आवाजात म्हणाला. "कोण गेलं?"

तिला काही कळेना, तेव्हा त्याने समोरच्या पिशव्यांकडे बोट दाखवलं. झाडाची साल कुटून केलेल्या मऊ, तांबूस कापडाच्या चाळीस पिशव्या. तो मसाकाकडचा, मुगांडा जमातीचा. त्याच्या घरात हे कापड पिढ्यान् पिढ्या कुटत आले होते, आणि त्यांच्याकडे माणूस गेला की त्याला याच कापडात गुंडाळत. बाजारातले निम्मे लोक तिकडचेच. असल्या कापडातला चहा पिण्याची हिंमत कोण करणार?

बासेमेराने पिशव्यांकडे पाहिलं. ती आणि तिची आत्या दोन महिने त्या पिशव्या शिवत होत्या. वडिलांनी तिला एका हंगामाची मुदत दिली होती. तिचा हाताने वळलेला चहा खपला तर ठीक, नाहीतर मळ्यातली हिरवी पानं पूर्वीसारखी कारखान्याच्या लॉरीत जाणार आणि वाळवणाची शेड बंद. सरोवराकाठी लॉज चालवणाऱ्या बिरुंगीबाईंना चहा आवडला होता. पण त्यांना प्लॅस्टिकचा तुकडाही चालणार नव्हता, आणि पुड्यात तीन आठवडे राहूनही चहा कुरकुरीतच हवा होता.

तिला त्या टोपीवाल्याचा भयंकर राग आला. पण बाटोरोंच्या, म्हणजे तिच्या लोकांच्या, मुलखात भांडायचं असलं तरी आधी समोरच्याचं एम्पाको विचारावं लागतं. एम्पाको म्हणजे आत्याने ठेवलेलं लाडाचं नाव. ते घेतल्याशिवाय इथे नमस्कारसुद्धा अर्धाच राहतो. तिने ते विचारलं.

"माझं नाही," तो म्हणाला. "आमच्यात नसतं. मी नुसता मायेगा."

"मग तुम्हाला हाक कशी मारायची? शीळ घालून?"

"शीळ चालेल. तुमचं काय?"

"आकीकी."

"आकीकी..." त्याने ते नाव इतकं सावकाश उच्चारलं, की बासेमेरा उगाचच नीट असलेल्या पिशव्या पुन्हा नीट लावू लागली.

त्याच्या खांद्यावर केळीच्या खोडाच्या वाळल्या सोपटांच्या टोपल्या होत्या. त्यातून त्याने मुठीएवढा एक पुडा काढून तिच्या हातावर ठेवला. त्यांच्याकडे घरी आलेल्या पाहुण्याला चघळायला कॉफीचे दाणे देतात, ते असल्या पुड्यातून. "हा पाहुणचाराचा पुडा," तो म्हणाला. "यात घालून बघा तुमचा चहा."

मंगळवारी तो सोपटांचा भारा घेऊन तिच्या मळ्याच्या टेकडीवर हजर झाला. मग गुरुवारी. मग शनिवारी बाजार उरकल्यावर. बोलता बोलता 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही. एवढ्याशा चहाला एवढी सोपटं कशी लागतात, असं आत्या शेडच्या दारातून विचारायची आणि उत्तराची वाट न पाहता हसत निघून जायची.

पहिले पुडे मात्र फसले. आठ दिवस टेकडीवर धुकं बसून होतं. पुडा सोडला तर आतला चहा सादळलेला, ओल्या गवतासारखा मऊ. बासेमेराचा तोल गेला. पाहुण्याने एका दिवसात संपवायच्या दाण्यांना ही सोपटं ठीक आहेत, पण माझ्या चहाची त्यांनी माती केली, असं ती फाडकन बोलून बसली. मायेगा भारा उचलून उतार उतरून गेला.

मंगळवारी तो आला नाही. गुरुवारीही नाही...

"वाटेकडे बघून पानं वाळत नाहीत गं," आत्या म्हणाली. ती तुपाचा तुंबा भरून त्याच्या तोंडाला मधाच्या पोळ्याचं मेण लावत होती. बासेमेरा आधी चिडली, मग त्या मेणाकडे बघतच राहिली. तुंब्यातलं तूप पावसाळाभर जसंच्या तसं राहायचं. मग चहा का नाही?

ती धावतच बाजारात पोचली. गर्दीत पलीकडे त्याची टोपी दिसत होती, पण एम्पाकोशिवाय हाक कशी मारणार? तिने दोन बोटं तोंडात घातली आणि भर बाजारात अशी शीळ घातली, की मासे तोलणारा तराजूसह वळला. मायेगाही वळला. आणि तिला बघून त्याचा चेहरा असा उजळला, की क्षमा मागायला तिने रस्ताभर पाठ केलेलं सगळं वाक्य वाया गेलं.

मग शेडमध्ये कागद वितळलेल्या मेणात बुडू लागले. आत मेणाचा कागद, बाहेर सोपट, आणि बांधायला सोपटाचाच दोरा. गाठ मारताना एकाचं बोट गाठीवर लागायचंच. ते बोट बासेमेराचं असायचं, आणि मायेगाच्या गाठी दिवसेंदिवस हळू बसू लागल्या.

बिरुंगीबाईंनी पुडा घेतला आणि मुद्दाम चुलीजवळच्या फळीवर ठेवला, जिथे दिवसभर वाफ असायची. तीन आठवड्यांनी दोघं लॉजच्या स्वयंपाकघरात उभे होते. बाईंनी दोरा सोडला. कागद उलगडला. एक पान बोटांत धरून दाबलं.

कुर्र... पान मोडलं.

बाईंनी चहा केला, एक घोट घेतला, मग न बोलता दुसरा घेतला. शेवटी म्हणाल्या, की याला मागून मधाचा वास येतो आणि त्यांना तो हंगामभर हवा. मग कौतुकाने मायेगाकडे वळून त्यांनी विचारलं, "पुडा तुझा ना? तुझं एम्पाको काय, बाळा?"

मायेगाची मान खाली गेलेली बासेमेराला बघवेना.

"आराली," ती म्हणाली.

शब्द तोंडातून निघून गेला होता. एम्पाको देणं हा आत्याचा मान, आणि परक्याला ते दिलं की तो परका राहत नाही. बिरुंगीबाईंनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे, आणि हसू लपवत कप विसळायला घेतले.

दोघं टेकडीचा रस्ता चढू लागले.

"ते नाव..." त्याने विचारलं. "परत करायचंय का?"

"बघू."

तेवढ्यात कारखान्याची लॉरी आली आणि मळ्याच्या वळणावर सवयीने मंदावली. बासेमेराने हात उंच करून 'पुढे जा' अशी खूण केली. लॉरी पुढे गेली. बासेमेरा रस्त्याच्या मधोमध उभी राहून मनापासून हसली, आणि हसता हसता तिने मायेगाचा हात धरला, तो सोडलाच नाही.

बातमी त्यांच्या आधी घरी पोचली होती. रविवारी आत्याने मायेगाला जेवायला बोलावलं. नाचणीच्या उकडलेल्या पिठाचा वाफाळता कालो आणि धुरावलेले मासे मांडून ती ताठ बसली. आपण जिवंत असताना पोरीने आपला मान परस्पर उरकला, याचा राग तिने आधी सगळ्यांसमोर नीट काढून घेतला. मग मुद्द्यावर आली.

"नाव मी देईन. पण हा कोण म्हणून पानावर बसलाय, ते कळू दे. सोपटवाला म्हणून?"

मायेगाने तोंड उघडलं, पण बासेमेरा आधी बोलली.

"सोपटं कुठेही मिळतात, आत्या. मला हा हवाय."

आत्याने कालोचा घास कालवणात बुडवला, मायेगाच्या तोंडाशी नेला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "आजपासून तू आराली. आमच्या घरचा."

त्याने टोपी काढली, छातीशी धरली आणि मान खाली घातली.

"कोण गेलं?" बासेमेराने हळूच विचारलं.

"बिननावाचा एक माणूस होता," तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "तो गेला."

"मग आता नीट नमस्कार कर."

"कशी आहेस, आकीकी?"

"मजेत आहे, आराली," ती म्हणाली, आणि त्याच्या पानात आणखी एक मासा वाढला.