वाडीतल्या बावीस बायका

मुलांनो, क्षणभर डोळे मिटा आणि माझ्याबरोबर एका चिकूच्या वाडीत चला. झाडाखाली तुमची आई उभी आहे, हातात चिकू काढायची जाळीची काठी. पण ती काही चिकू काढणारी नाही. कुंपणापलीकडच्या फुग्यांच्या कारखान्यात ती राबते, हे तुम्हांला पक्कं ठाऊक आहे. तुमच्या हातात सरकारी कागद आहे, त्यावर खरं तेच लिहायचं आहे... आणि आई पदर दातांत धरून मान हलवते आहे. लिहू नकोस. काय कराल तुम्ही?

रुपलने खोटं लिहिलं होतं.

त्याला सात वर्षं झाली. आज ती झाई गावातल्या आईच्या घराच्या पायरीशी उभी होती, आणि अंगणात जमुना, तिची आई, मान वर न करता सुके बोंबील निवडत होती.

"कशाला आलीस?"

"उद्या कोर्टाची तारीख आहे, आई. तुम्हां बायकांच्या वकिलाने, प्रवीणने, मला साक्षीला बोलावलंय."

"मालकाचा सगळा डोलारा तुझ्याच सहीवर उभा आहे ना. जा, अजून एक सही कर." जमुनाने एक खराब बोंबील भिरकावला. "आणि बाजूला सरा, वकीलबाई. मासळीचं ऊन अडतंय."

दारामागून रुपलच्या भावाची दहा वर्षांची मुलगी किंजल बघत होती. आत्याशी बोलायची तिला घरात बंदी होती.

रुपल तेव्हा सरकारी कामगार अधिकारी होती. तपासणीची गाडी आली की सरावलीजवळच्या त्या कारखान्यातला मुकादम बायकांना मागच्या फाटकातून वाडीत पिटाळायचा, हातात काठ्या द्यायचा, आणि बावीस कामगारणी घटकाभर चिकूवाल्या व्हायच्या! त्या दिवशी बाकीच्या एकवीसजणी आशेने बघत होत्या, कारण चोरून तक्रार त्यांनीच धाडली होती. जमुना तेवढी भेदरलेली. तिचा मुलगा भाविक त्याच कारखान्यात नुकता मशीनवर लागला होता. आईची ती हललेली मान बघून रुपलने लिहिलं, 'कारखान्यात एकही स्त्री कामगार आढळली नाही.'

चार महिन्यांत बावीसही जणींना घरी बसवलं. त्या कोर्टात गेल्या, तेव्हा मालकाने तोच कागद पुढे केला... या बायका आमच्याकडे कधी नव्हत्याच. रुपलला स्वतःच्या सहीची शिसारी आली. नोकरी सोडून तिने तलासरीत वकिली मांडली, कामावरून काढलेल्या शेकडो माणसांना परत कामावर नेलं, पण त्या बावीसजणींनी तिच्या पायरीवर पाऊल ठेवलं नाही. आणि आईच्या खुणेबद्दल ती कुणाजवळ अवाक्षर बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी कोर्टात मालकाच्या वकिलाने तो कागद तिच्यापुढे धरला.

"सही तुमची?"

"माझी. मजकूर खोटा आहे. त्या बावीसजणींना मी ओळखत होते."

"म्हणजे तेव्हा खोटं, आता खरं? वकिलीची सनद घरी ठेवून आलात वाटतं, मॅडम. आजनंतर लागणार नाही ती." मागे कुणीतरी हसलं. "कुणी सांगितलं होतं खोटं लिहायला? मालकांनी?"

हो म्हटलं असतं, तर सगळं सोपं होतं.

"नाही."

"मग कुणी?"

रुपलची नजर शेवटच्या बाकाकडे गेली आणि तिथून चटकन परतली.

"कुणी नाही. माझी मी."

शेवटच्या बाकावरून जमुना उठली.

"साहेब, ती अजून खोटंच बोलतेय. मान मी हलवली होती. माझ्या पोराचं काम जाईल म्हणून... मीच तिचा हात धरला होता."

न्यायाधीशांनी तिला बसायला सांगितलं. तिची साक्षही घेतली जाईल म्हणाले. पण बाकावर तिच्यासाठी जागा उरली नव्हती. धाकली नावाची तिची जुनी सोबतीण मध्ये पसरून बसली होती.

"सात वर्षं आम्ही तुझ्या पोरीला शिव्या घातल्या," धाकली हळूच म्हणाली, "आणि तू आमच्याबरोबरीनं घालत होतीस? शरम नाही वाटली गो?"



संध्याकाळच्या झाईच्या एसटीत बायका दोघी-दोघी बसल्या. जमुनाच्या शेजारी त्यांच्यातली कुणी बसेना. आजीबरोबर कोर्टात आलेली किंजल तेवढी तिच्याजवळ खिडकीशी होती. ती जागा ती सख्ख्या बापालाही देत नसे, तिच्यासाठी रडून गाडी डोक्यावर घ्यायची. आईच्या मागोमाग गाडीत चढलेली रुपल पुढे दाराजवळ दांडा धरून उभी होती, सगळ्यांना पाठमोरी. आता सनद राहील की जाईल, तिला माहीत नव्हतं.

"जा, बोलाव तिला," जमुना पदराआडून पुटपुटली. "माझ्या हाकेला ती कशाला येईल..."

किंजल उठली. पुढच्या बाकावरच्या धाकलीचे वाटेत आलेले गुडघे ओलांडत पुढे गेली आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"आत्या, माझी खिडकी घे."

तिने रुपलला हाताला धरून आणलं, आजीच्या शेजारी बसवलं, आणि झाई येईपर्यंत दांडा धरून स्वतः उभी राहिली.