पंखा वाजला की भाकर टाकायची

ही घडलेली गोष्ट आहे. ज्या घरात घडली ते मेडशीच्या बस थांब्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. घरातली माणसं आजही तिथंच राहतात.

रात्र नव्हती. अंधार नव्हता. सोयाबीन काढणीचे दिवस, भर दुपार, सगळं गाव शेतात.

आणि या घरात भूत मानत नाहीत. गावात कुणाच्या अंगात आलं की तिथं जाऊन "पुरावा काय?" असं विचारणारा माणूस याच घरातला होता.

अश्वजित.

तो त्याच पावसाळ्यात गेला होता. सिकलसेल होता. रक्ताची पिशवी मिळाली, पण तोवर ती ज्याला चढवायची तो माणूसच उरला नव्हता.

मागे राहिली बायको रूपा, आई भागिरथाबाई आणि एक जुना लॅपटॉप.

लॅपटॉपवर त्याने एक प्रोग्राम टाकून ठेवला होता. जगभरातले लोक आपला रिकामा संगणक संशोधनासाठी फुकट वापरू देतात, त्यातला. मोठ्या आकडेमोडीचा एक तुकडा इंटरनेटवरून येतो, संगणक तो सोडवून परत पाठवतो. अश्वजितने निवडलेलं संशोधन रक्ताच्या आजारांवरचं होतं. आपल्याला त्याचा उपयोग नाही, हे त्याला ठाऊक होतं. कोणाच्या तरी कामी येईन, एवढंच म्हणायचा.

दवाखान्यात जाताना रूपाला म्हणाला, "हे बंद नको पडू देजो."

प्रोग्रामचा एक नियम होता. कुणी लॅपटॉपवर बसलं की आकडेमोड थांबायची. माणूस उठला की पुन्हा सुरू. मग ते जुनं यंत्र तापायचं आणि आतला पंखा घरघरत सुटायचा.

रूपाला तो आवाज चुलीपाशी ऐकू यायचा. पंखा गप्प, म्हणजे नवरा खुर्चीत. पंखा वाजला, म्हणजे तो उठला, मोरीत हात धुवून जेवायला येणार. ती तव्यावर भाकर टाकायची. लग्नापासून हाक मारावी लागली नाही.

तो गेल्यावर लॅपटॉप मधेच बंद पडू लागला. तुकडे मुदत संपून वाया जाऊ लागले. मालेगावात मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणारा दीर, नरेंद्र, एका सकाळी येऊन बसला. मागचं झाकण उघडलं. पंख्यात मळणीची धूळ गच्च भरली होती. त्याने ती ब्रशने काढली, आतली उष्णता ओढून घेणारी पेस्ट सुकली होती, ती खरवडून नवी लावली. यंत्र थंड झालं. बंद पडणं थांबलं.

पण काम सुरू होईना.

पडद्यावर एकच ओळ...

संगणक वापरात आहे, म्हणून काम थांबवले आहे.

खुर्ची रिकामी होती. नरेंद्र बाजूला, फरशीवर बसलेला.

त्याने सेटिंग बदललं. कुणी वापरत असलं तरी काम चालू दे, अशी खूण केली. चहा पिऊन आला, तर खूण गेलेली. माऊस खराब असेल म्हणून माऊस काढला. ओळ तशीच. टचपॅड बंद केलं. तशीच. शेवटी कीबोर्ड जोडणारी पट्टीच आतून सोडवली...

संगणक वापरात आहे.

"वयनी, याले आता हात लावाले काहीच नाही राह्यलं," नरेंद्र म्हणाला. "तरी म्हणते, कोणी तरी बसून हाये."

तो हसला. दुसरं कुणी हसलं नाही.

आयतवारी येऊन घेऊन जातो, सुटे भाग तरी विकले जातील, असं तो म्हणाला. भागिरथाबाई म्हणाल्या, "ने बापा. माणूस नाही राह्यला, यंत्र कायले पाह्यजे?" आणि काढणीत सांडलेला सरवा वेचायला शेतात निघून गेल्या. नरेंद्रही गेला.

रूपा एकटी राहिली.

तिने पीठ मळायला घेतलं. घर अगदी शांत होतं. पण ही शांतता तिच्या ओळखीची होती. वर्षानुवर्षांची.

पंखा गप्प. म्हणजे...

तिला भीती वाटली नाही. राग आला. जिवंत होता तेव्हाही असाच. एकदा बसला की हलायचा नाही. ती पिठाच्या हातांनी दारात जाऊन उभी राहिली आणि रिकाम्या खुर्चीला म्हणाली,

"तुमचंच काम अडून राह्यलं, तुमच्यापायीच. आयतवारी हे भंगारात जाईन. उठा आता."

काहीच झालं नाही.

ती चुलीपाशी परत येऊन बसली. स्वतःचीच लाज वाटली. पुरावा मागणाऱ्याची बायको, आणि खुर्चीशी बोलते.

आणि पंखा वाजला...

आधी हळू. मग नेहमीसारखा.

हात सवयीने चालला. भाकर तव्यावर पडली, तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण ती कुणासाठी टाकली.

मोरीत तांब्या वाजला.

एकदाच.

तिने मागे वळून पाहिलं नाही. भाकर करपली, तरी ती जागची हलली नाही.

आयतवारपर्यंत तुकडा पुरा होऊन गेला होता, नवा आला होता. नरेंद्रने लॅपटॉप नेला नाही. आत ओलावा गेला असेल, असं तो सांगतो. कीबोर्डची पट्टी जोडायला मात्र तो अजून आलेला नाही. घरी येतो तो ओसरीवरच बसतो.

लॅपटॉप आता रात्रंदिवस चालतो. रूपाला हवं होतं तेच झालं. ती ओळ पुन्हा आली नाही. पंखा एकदाही थांबला नाही.

म्हणजे तो परत खुर्चीत बसलेला नाही.

तिने त्याला उठवलं. उठून कुठं जायचं, ते सांगितलं नाही.

दोघी जेवायला बसतात, तेव्हा टोपल्यात एक भाकर जास्तीची असते. ही कोणाची, असं भागिरथाबाईंनी एकदा विचारलं होतं.

रूपाने वर पाहिलं नाही.

"पंखा वाजून राह्यला ना," ती म्हणाली.