वास येतोय तोवर

ज्या दुकानाकडे तो निघाला होता त्याला त्या दिवशी टाळं होतं. प्रेमाच्या आरंभाला याहून क्षुल्लक कारण शोधूनही सापडलं नसतं. शेजारच्या दारात वाद्यांना रंग देणारी बाई क्षणभर मोकळी हवा घेत उभी होती. ते कधी उघडेल, हे तिला विचारता विचारता त्यानं पेटी उघडली. आत बेस गिटार होती. एके काळी पांढरी, आता जुन्या दातांसारखी पिवळी.

तो इतरांच्या समारंभांत बेस वाजवणारा. त्याचं स्वतःचं लग्न चौदा आठवड्यांवर आलं होतं. मुलीकडच्यांनी मंच पांढराशुभ्र ठरवला होता, आणि त्यावर ही गिटार फोटोत डागासारखी दिसेल असं भावी सासऱ्यांचं मत पडलं होतं. सासऱ्यांची मतं पडत. इतरांनी ती उचलायची असत.

“यावर पांढरा रंग मारून द्याल?” हे सगळं सांगून त्यानं विचारलं.

तिनं स्क्रू काढले आणि वरची प्लॅस्टिकची तबकडी उचलली. खालचा तुकडा दुधासारखा पांढरा होता.

“रंग पिवळा पडलेलाच नाही,” ती म्हणाली. “रंगावर लॅकरची पारदर्शक पुटं असतात. त्यांना उजेड लागतो, हवा लागते, धूर बसतो... पिवळी पडतात ती. इथे उजेड पोचला नाही, म्हणून हा तुकडा वाचला.”

“म्हणजे दोष वरच्यांचा.”

“नेहमीच असतो. नाव मात्र खालच्याचं खराब होतं.”

तो हसला. तीही हसली, आणि तिथेच चुकलं.

पिवळी पुटं घासायची आणि नवी चढवायची, त्यानं दर शनिवारी येऊन पाहून जायचं, असं ठरलं. नवं लॅकर वाळलं की नाही, हे त्या धंद्यात नाकानं ठरवतात: वास येतोय तोवर ते आत ओलं. बावीस वर्षं थिनरमध्ये घालवलेल्या तिच्या नाकाला मात्र आता कशाचाच वास येत नसे. हुंगण्याचं काम तिच्या मामांचं, दुकानही त्यांचंच. पाचव्या शनिवारी मामा बाहेर गेले होते, म्हणून तिनं त्यालाच वाकायला सांगितलं.

“येतोय... पिकलेल्या केळ्यासारखा.”

“मग पुढच्या शनिवारी या.”

तो येत राहिला. मामा आतून हाक मारत, “तुझं नाक आलं गं,” आणि ती विनाकारण दोनदा हात पुसत असे. तिला न येणारे वास तो सांगू लागला: ओल्या पुठ्ठ्याचा, तापलेल्या इस्त्रीचा, जिन्यातल्या मांजराचा. एकदा म्हणाला, तुमच्या केसांना आज साबणाचा वास येतोय.

“ते लॅकरमध्ये मोडत नाही,” ती म्हणाली.

“मोडत असतं, तर अजून ओलं आहे म्हणालो असतो.”

नवव्या शनिवारी तो म्हणाला, अजून येतोय. दहाव्या शनिवारीही तेच. तिनं नख दाबून पाहिलं होतं; ठसा उमटत नव्हता. मामांनी एका सकाळी गिटार हुंगली, भाचीकडे पाहिलं, आणि गिटारीवर पुन्हा फडकं पांघरलं. दोन शहाणीसुरती माणसं एका लाकडाच्या काल्पनिक ओलाव्यावर जीव टांगून बसली होती. तो लग्न मोडेल, असं ती दर शनिवारी स्वतःला सांगे. तिनं आपल्याला विचारावं, याची तो वाट पाही.

तेराव्या शनिवारी तो वाकला तो बराच वेळ वाकलेलाच राहिला.

“वास गेला,” तो म्हणाला.

“महिन्यापूर्वीच गेला.”

“तुम्हाला... ठाऊक होतं?”

“नाक गेलंय. नखं आहेत.”

मग त्यानं कारणं सांगितली. पत्रिका वाटून झाल्या होत्या, आईनं शब्द दिला होता, सासरे त्याला कायमची नोकरी लावणार होते. सगळी कारणं रास्त होती; भ्याडपणाला रास्त कारणांचा तुटवडा कधीच पडत नाही. शेवटी म्हणाला, मी मोडू शकलो असतो.

“हो,” ती म्हणाली.

तिनं गिटार पेटीत ठेवली. ती निष्कलंक, निर्लज्ज पांढरी होती.

“किती वर्षं अशी राहील?”

“दहा-बारा. खिडकीशी ठेवलीत तर कमी.”

“मग पुन्हा आणीन.”

“नका आणू.” तिनं पेटीचं झाकण लावलं. “पिवळी पडली की लोक म्हणतील, रंग गेला. म्हणू द्या. खाली काय आहे ते तुम्हाला ठाऊक असेल... माझंही तसंच आहे. एवढंच सांगायचं होतं.”

त्यानं मान हलवली. ज्यांना सगळं समजतं आणि जे काहीच करणार नसतात, ती माणसं हलवतात तशी. मग पेटी उचलली. दार अरुंद होतं. चौकटीवर घासू नये म्हणून त्यानं पेटी दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि अंग चोरून, एकेक पाऊल जपत तो बाहेर पडला.

इतकं जपणं या माणसाला येत होतं, हे तिनं पाहिलं. आणि तेवढंच तिला सोसलं नाही.