सात हजार ओळींची रीत

तिसरा कोश उघडला नाही.

‘वरुणा’ यानाच्या मधल्या कक्षात सुनेत्रा त्या कोशाच्या काचेला कपाळ टेकून पाहत होती. आत तिचा नवरा श्रीपाद शीतद्रवात निश्चल होता. ती आणि डॉ. मुळीक ठरल्याप्रमाणे काल दीर्घनिद्रेतून जागे झाले होते. त्यानंतर पाळी श्रीपादची. यंत्रणा त्याच्यापाशी येऊन थांबली, ती थांबलीच.

“द्रव उद्यापर्यंत टिकेल, वहिनी,” मुळीक म्हणाले. “त्यापुढे मी नुसता नावाचा डॉक्टर.”

“काच फोडून बाहेर काढला तर?”

“ऊब हळूहळू द्यावी लागते, हृदय वेळेवर सुरू करावं लागतं. ते सगळं तुमच्या त्या प्रोग्रॅमच्या हातात. त्यालाच सांगा ना, उघड म्हणून!”

“सांगते. कुठे सांगू तेवढं दाखवा.” तिने पडदा त्यांच्याकडे वळवला.

माणसाला उठवण्याचे सगळे काम एकाच रीतीत कोंबलेले होते. रीत म्हणजे यंत्राने क्रमाने पाळायच्या सूचना. ही सात हजार ओळींची होती. आजवर ज्याला जिथे ठिगळ लावावेसे वाटले तिथे त्याने ते लावले होते. आकड्यांना नावे होती ती क, ख, ग अशी. अंदाजाने एक ओळ बदलावी, आणि नेमकी तीच हृदय सुरू करणारी निघावी!

“मग आता?”

“पुनर्रचना. एका कामाच्या ओळी उचलायच्या, त्यांची वेगळी छोटी रीत करायची आणि ती काय करते ते सांगणारं नाव तिला द्यायचं. यंत्र होतं तसंच वागलं पाहिजे, फक्त आपल्याला कळलं पाहिजे. मग चूक दिसेल.”

“घर आवरल्यासारखंच की.”

“श्रीपाद कधी आवरतो घर? मीच आवरते...”

ती कामाला लागली. ‘ऊब दे.’ ‘हृदय सुरू कर.’ ‘द्रव काढ.’ प्रत्येक तुकडा वेगळा केला की पडद्यावरच्या खोट्या कोशावर चाचणी, मग पुढचा. तिचे डोळे चुरचुरत होते. मुळीक पाण्याच्या पिशव्या आणून देत आणि नावे मोठ्याने वाचत. “अरेच्चा, हे तर मलाही कळतंय!”

शेवटी एक तुकडा उरला. त्याला नाव सुचेना.

“हा राखीव टाकीतल्या हवेचा दाब घेतो,” ती पुटपुटली. “प्रवासाचे उरलेले दिवस घेतो. हवा किती जणांना पुरेल ते काढतो. आणि मग आपल्या मनगटावरच्या पट्ट्यांवरून नाड्या मोजतो.”

“श्रीपादला उठवायला आपल्या नाड्या कशाला?”

हवा किती जणांना पुरेल, तो आकडा तिने पाहिला. दोन.

मुळीक मागच्या बोगद्यातून राखीव टाकीकडे तरंगत गेले. परतले ते बातमी घेऊनच. राखीव टाकीला मोहरीएवढे भोक पडले होते. केबिनचा मापक फक्त केबिनची हवा मोजत असे. त्याला याचा पत्ताच नव्हता.

“म्हणजे बिघाड नाहीच,” ते म्हणाले. “त्या दोनाचे तीन करा.”

“करते. कोश उघडेल. पण पोहोचणार कुणीच नाही.” मग ती घाईघाईने म्हणाली, “मी परत माझ्या कोशात जाते.”

“त्यातला द्रव आपणच काल बाहेर सोडला, वहिनी. दुसरा नाही.”

त्या उरलेल्या तुकड्याला नाव द्यायलाच हवे होते. तिने टाइप केले, ‘जागा झाली का’.

सात हजार ओळींची रीत आता सहा ओळींत पडद्यावर उभी होती. शाळकरी मुलालाही समजावी इतकी सरळ. मुळीक पहिल्या ओळीवरच अडले: नाड्या दोनहून कमी झाल्या, की तिसऱ्या कोशाला ऊब दे.

त्यांनी मनगटावरची पट्टी नकळत बाहीखाली ओढून घेतली.

“वहिनी,” ते हळूच म्हणाले, “हे सगळं परत होतं तसं एकात एक करून टाकता येईल?”

सुनेत्रा कोशाकडे पाहत होती.

“येईल, डॉक्टर,” ती म्हणाली. “पण मला आता ते पाठ झालंय.”