बोरमळीची दुपार

पीएच.डी.साठी मी घेतलेला विषय तसा रुक्षच होता. चोपडा तालुक्यातल्या गावांतली वाचनालयं, तिथल्या माणसांचं शिक्षण, आणि या दोन्हींचा शेतीशी काही संबंध लागतो का, एवढंच शोधायचं होतं. साल ब्याण्णव. जळगावला विद्यापीठ नवंच झालं होतं. मी एका कॉलेजात ग्रंथपाल होते, पण तात्पुरती. पदवी मिळाली तर नोकरी कायम होणार होती. पिंप्राळ्यातल्या आमच्या बौद्ध वस्तीत तोवर कुणी डॉक्टरेटच्या वाटेला गेलेलं नव्हतं. सकाळी लुना सुरू केली की शेजारच्या ओट्यावरून हाक यायची, "सुनंदा, झाली का वं डाक्टर?"

"होतेय, काकू," म्हणायचं आणि निघायचं.

माझी पद्धत सोपी होती. गावात जायचं, वाचनालय कसं चालतं ते पाहायचं, मग शेतावर जाऊन माणसांच्या हातात एक छापील कार्ड द्यायचं. कार्डावर कपाशीबद्दल चार-सहा ओळी. जमेल तेवढं वाचायचं आणि अर्थ सांगायचा. चाळिशी उलटलेल्या मजूर बायका कार्ड उलटंसुलटं करून हसत परत द्यायच्या. मला त्याची सवय झाली होती.

बोरमळीचं नाव माझ्या यादीत नव्हतं. कृषी खात्यातला एक ओळखीचा सहायक चोपड्याच्या स्टँडवर भेटला, त्याच्या बोलण्यात ते आलं. त्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना आसपासच्या गावांतल्या बऱ्याच बायकांना विषबाधा झाली होती. बोरमळीत एकीलाही नाही.

"औषध तेच, पंप तेच," तो म्हणाला. "पण तिथल्या बाया डबा उघडायच्या आधी हातात फिरवत बसतात. मग तोंडाला फडकं बांधतात, वाऱ्याकडे पाठ करतात. त्यांना कुणी सांगितलं, देव जाणे. मी तर नाही सांगितलं."

बोरमळी सातपुड्याच्या अगदी पायथ्याला आहे. एका अंगाला केळीच्या बागा, दुसऱ्या अंगाला कपाशीची काळी जमीन, आणि मधे डोंगराकडे तोंड करून बसलेलं गाव. वाचनालय म्हणजे ग्रामपंचायतीची एक खोली. किल्ली माजी सरपंच आधार नानांकडे होती. त्यांनी कुलूप उघडलं तर आत सरकीची पोती छतापर्यंत रचलेली. पुस्तकांचं कपाट कुठेतरी पोत्यांच्या मागे होतं आणि त्यातली पुस्तकं कधीच वाळवीच्या पोटात गेली होती.

"आठे कोन वाचस, ताई?" नाना म्हणाले. "या बायासले तं शाळाच नही व्हती. लिखी टाका, बंद शे."

मी तसं लिहिलं आणि रिवाज म्हणून केळीच्या बागेत गेले. मंजुळाबाई नावाची एक उंच, सुकलेल्या अंगाची बाई केळीच्या बुंध्याशी फुटलेली पिलं कापत होती. तिनं विळा कमरेला खोचला, हात लुगड्याला पुसले, कार्ड घेतलं आणि वाचलं.

अडखळली नाही. जोडाक्षरांपाशी थांबली नाही. वाचून झाल्यावर अर्थही सांगितला.

तिच्यामागून रुक्माबाईनं वाचलं. मग द्रौपदाबाईनं, मग बांधावर बसलेल्या बाकीच्या सगळ्यांनी. मला वाटलं, कार्ड कुणीतरी आधी घोकून घेतलंय. मी पिशवीतून बियाण्याचं रिकामं पाकीट काढलं, एस.टी.चं तिकीट काढलं, शेवटी माझी पोळी-भाजी बांधलेला वर्तमानपत्राचा तेलकट तुकडा सोडवून पुढे धरला. त्यांनी तोही वाचला, आणि त्यातल्या बातमीवर आपसांत हुज्जत घातली.

"तुम्हले कोन शिकाडं, अक्का?" मी विचारलं.

"बाईनी," मंजुळाबाई म्हणाली.

"कोनती बाई?"

"दुपारले येस ना. शिकाडस आनि जास."

"नाव काय तिनं? कशी दिखस?"

मंजुळाबाईनं माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं. "आम्ही अक्षरसकडे देखतस, माय. तिनाकडे कोठे देखतस?"

संशोधन करणाऱ्याला अशा उत्तराचं काही करता येत नाही. पुढचे काही आठवडे मी सगळे मार्ग तपासले. साक्षरता अभियान तिथे पोचलं नव्हतं. रात्रशाळा कधी निघाली नव्हती. कुणी शिकलेली सून गावात आली नव्हती. मिशनच्या बाया नाहीत, कुणा पुढाऱ्याची संस्था नाही. पुरुषांना विचारलं तर ते हसले. त्यांच्यातल्या निम्म्यांना सही येत नव्हती.

एक गोष्ट मात्र पक्की हाती लागली. त्या बायका लिहायलाही शिकल्या होत्या आणि सगळ्यांची रीत एकच होती. आपण अक्षरं काढतो आणि वर रेघ मारतो. या बायका आधी काडीनं धुळीत लांब सरळ रेघ ओढायच्या, आणि मग तिला एकेक अक्षर खाली लटकवायच्या, दोरीवर कपडे वाळत घालावेत तसं. असं लिहिणं मी आजवर कुणाचं पाहिलं नव्हतं.

मग मी एकदा दुपारी थांबले.

जेवणाच्या सुट्टीत बायका शेतातून आल्या. वाचनालयाच्या बंद दारापुढे निंबाची सावली होती, तिथे बसल्या. कुणी तंबाखू मळली नाही, कुणी आडवी झाली नाही. सगळ्यांची तोंडं दाराकडे. माझ्याकडे कुणाचं लक्षही नव्हतं.

मग त्यांच्या माना डावीकडून उजवीकडे वळू लागल्या. सावकाश, सगळ्यांच्या एकदम. पाटीवर कुणाचं बोट चालत असावं आणि त्यामागे नजर चालावी तशा. पुन्हा डावीकडे. पुन्हा उजवीकडे. त्या एक शब्द मोठ्यानं म्हणाल्या, थांबल्या, ऐकलं, आणि तोच शब्द जरा वेगळा म्हणाल्या. मी त्यांच्यातच उभी होते. मला त्यांच्याखेरीज काहीच ऐकू आलं नाही.

ओट्यावर एक कोंबडी दाणे टिपत चालली होती. दारापुढच्या मोकळ्या फरशीपाशी आली, थबकली, वळसा घालून पलीकडे गेली आणि पुन्हा टिपू लागली.

तेव्हा मला भीती वाटली नाही. ती नंतर वाटली, केळीच्या बागांमधल्या रस्त्यावरून लुना एकटीच वाजत होती तेव्हा.

प्रबंधात मी जे पाहिलं तेवढंच मांडलं. कोण वाचतं, काय वाचतं, फवारणीत काय फरक पडला, केळीला खत कधी देतात. 'शिक्षक' या रकान्यात बोरमळीपुढे जागा रिकामी ठेवली.

वर्षभरानं माझे मार्गदर्शक बन्सीलाल चौधरी सर यांनी मला बोलावून घेतलं. सर चांगले होते. वाईट बातमी देताना चहा मागवायचे. त्या दिवशी चहा आधीच आलेला होता.

"पुण्याहून परीक्षकांचा अहवाल आलाय," ते म्हणाले. "बाकी प्रबंध उत्तम म्हणतात. पण बोरमळीचे आकडे अशक्य आहेत. ते प्रकरण काढून टाका, सुनंदा. पुढच्या महिन्यात पदवी तुमची."

"आणि नाही काढलं तर?"

"तर प्रबंध परत येईल."

"म्हणजे त्यांना वाटतं, आकडे मी बनवले."

सर गप्प राहिले. त्या गप्प राहण्यातलं बरंच काही माझ्या लहानपणापासून ओळखीचं होतं. चहावर साय धरत होती. नोकरी, वस्ती, ओट्यावरची हाक, सगळं डोळ्यांपुढून गेलं. पण त्या बायकांनी वाचलं होतं. माझ्या हातातलं घेऊन वाचलं होतं. ते प्रकरण काढलं असतं तर त्यांना पुन्हा अडाणी ठरवणारी मीच झाले असते.

"सर, त्यांना बोरमळीला बोलवा," मी म्हणाले. "माझी तोंडी परीक्षा तिथे होऊ द्या."

पुण्याचे ते परीक्षक, डॉ. केळुसकर, खरंच आले. साठीचे, वाकलेले, मृदू बोलणारे गृहस्थ. माझ्यावर त्यांचा राग नव्हता, फक्त विश्वास नव्हता. जीपमध्ये त्यांनी गुडघ्यावर वही ठेवून स्वतःच्या मनानं एक परिच्छेद लिहिला, मुद्दाम अवघड. मला आणि सरांना तो पाहूही दिला नाही.

बोरमळीत निंबासमोर, वाचनालयाच्या दारापुढे त्यांच्यासाठी नानांनी घरची, सुती पट्ट्यांनी विणलेली निवारीची खुर्ची मांडली होती. बायका समोर बसल्या. अख्खं गाव भोवती. केळुसकरांनी वहीतला तो कागद रुक्माबाईच्या हाती दिला. तिनं पहिली ओळ वाचली आणि कागद शेजारणीकडे दिला. ओळीमागून ओळ, हातामागून हात. 'कर्बग्रहण' आलं, 'अन्नद्रव्य' आलं, एक संस्कृत वचन आलं. कुठेही खंड पडला नाही. पुरुषांमधली कुजबुज थांबली. एका म्हाताऱ्यानं टोपी काढून हातात घेतली.

"आता काहीतरी लिहा," केळुसकर म्हणाले. आवाज त्यांचा बदलला होता. "तुमच्या मनाचं."

द्रौपदाबाईनं धुळीत सरळ रेघ ओढली आणि तिला अक्षरं टांगली. 'सायेब घाम पुसा पानी प्या.'

गाव हसलं. केळुसकरही हसले आणि खरंच घाम पुसू लागले. पण रुमाल डोळ्यांवर जरा जास्त वेळ राहिला. "आधी रेघ," ते माझ्याकडे वळून पुटपुटले. "माझे आजोबा असं लिहायचे. आता कोणी लिहीत नाही." सगळं सिद्ध झालं होतं, आणि मला एक शब्दही बोलावा लागला नव्हता.

ऊन डोक्यावर आलं तसं बायकांचं हसणं थांबलं.

त्यांनी पदर सारखे केले. माना वर केल्या.

"सायेब," मंजुळाबाई हळूच म्हणाली, "जरासं सरका. तुम्ही तिनी जागावर बठेल शेतस."

केळुसकर ताडकन उठले. का, ते त्यांनी विचारलं नाही. बाजूला झाले आणि रिकाम्या खुर्चीकडे पाहत राहिले.

खुर्चीची निवार सैल पडली होती.

ती ताणली गेली. मधोमध खोल गेली. तशीच राहिली.

बायकांनी पहिला शब्द म्हटला.

परतताना जीप चोपड्याजवळ आली. तेव्हा केळुसकरांनी मला आडनावानं हाक मारून विचारलं, "अडकमोल, शिक्षकाच्या रकान्यात काय लिहिलंय तुम्ही?"

"जागा रिकामी आहे, सर."

"राहू द्या," ते म्हणाले. "एक अक्षरही बदलू नका."

पदवी मिळाली. पिंप्राळ्यात वस्तीनं ताशा लावला, मला जीपवर उभं केलं, गुलाल इतका की लुना आठवडाभर गुलाबी होती. ओट्यावरच्या काकूंनी हाक मारायची ती मारलीच, पण आता नुसतं "डाक्टर!" म्हणून. नोकरी कायम झाली. माझं ते प्रकरण कृषी खात्यानं मागवून घेतलं, आणि पुढच्या हंगामात बोरमळीच्या बायका गावोगाव जाऊन फवारणीच्या डब्यावरचं वाचून दाखवू लागल्या. त्या वर्षी त्या पट्ट्यात कुणाला विषबाधा झाली नाही.

आणि वाचनालय उघडलं. आधार नानांनी स्वतः सरकीची पोती उचलून बाहेर टाकली. नवी कपाटं आली. जळगावहून पुस्तकांचे गठ्ठे आले तेव्हा बायका रांगेनं उभ्या राहिल्या आणि एकेक पुस्तक हातोहात आत नेताना त्याचं नाव मोठ्यानं वाचत गेल्या. सबंध गावाला ऐकू जात होतं. इतक्या आनंदाचा आवाज मी पुन्हा कधी ऐकला नाही.

उद्घाटन मंजुळाबाईच्या हातून झालं. फीत कापून ती पहिल्या रांगेत जाऊन बसली आणि मला बोलायला उभं केलं. सातपुड्याकडून सोसाट्याचा वारा सुटला होता. पताका तडतडत होत्या, बायका पदर दातांत धरून बसल्या होत्या. माझ्या पाठीशी नुकताच चुना दिलेली भिंत. डाव्या हातात माईक, उजव्या हातात भाषणाचा कागद, उजव्या कोपऱ्याला धरलेला.

मी वाचत होते. जरा भरभरच वाचत होते.

"एक ओळ रही गई, माय."

अगदी कानाशी. डाव्या.

कुणी चमकलं नाही. समोरच्या बायकांनी नुसत्या माना हलवल्या. हो, राहिली खरी.

मी कागदावर पाहिलं. ओळ राहिली होती. मी मागे गेले आणि ती वाचली. टाळ्या पडल्या.

वारा तसाच होता. पताका फाटायला आल्या होत्या, माझी ओढणी उडत होती. मी उजवा कोपरा धरला होता. डावा कोपरा कुणी धरलेला नव्हता, आणि तो अजिबात हलत नव्हता.