ईरूच्या घराचं दार

मोकपोच्या बंदरावरून वारा सुटला की आमच्या गावातली माणसं खांदे आकसून चालतात. दान्बीच्या घरी निघाले ती दुपारही तशीच होती. पिशवीत तिच्यासाठी संत्री होती आणि डोक्यात विशेष काही नव्हतं. नेहमीच्या कामाचाच भाग होता तो.

मी लहान मुलांच्या अतिदक्षता विभागात संशोधन करते. नळ्या घालणं, औषधं देणं हे माझं काम नाही. तिथून वाचून घरी गेलेल्या मुलांना मी काही महिन्यांनी भेटते. झोप लागते का, जेवण जातं का, कशाची भीती वाटते, असं विचारत बसते. कारण अंग बरं होऊन घरी येतं, पण मुलाचं काहीतरी तिथेच अडकून राहतं. हे असलं काम करणारी तिथे मी एकटीच. अतिदक्षतेच्या डॉक्टरांना वाटतं मी मानसोपचारातली, मानसोपचारवाल्यांना वाटतं मी अतिदक्षतेतली. त्यामुळे जेवायला मी कुणाच्याच टेबलावर नसते. घरीही वाट पाहणारं कुणी नाही. सवय होते.

दान्बी सहा वर्षांची. उन्हाळ्यात न्यूमोनियाने तिची छाती भरली होती आणि कितीतरी दिवस ती श्वासाच्या यंत्रावर, गुंगीत पडून होती. वडील मालवाहू जहाजावर, कायम समुद्रात. आईचं बाजारात सुक्या माशांचं दुकान. त्या दिवशी माझ्यासाठी तिने ते लवकर बंद केलं होतं. तिने जवाचा गरम चहा पुढे ठेवला, पोरीला आतल्या खोलीत चित्रं काढायला बसवलं आणि माझ्याजवळ सरकून हळू आवाजात सांगू लागली. दान्बी दिवसभर ठीक असते. पण अंधारून आलं की दाराशी, चपला काढायच्या जागेत जाऊन बसते. जेवायला हाक मारली तरी उठत नाही. कोण येणार आहे म्हणून विचारलं तर एकच नाव सांगते.

"ईरू म्हणते," आई म्हणाली. "आमच्या ओळखीत कुणी ईरू नाही. शाळेतही नाही. मी बाईंना विचारून आले."

माझा चहाचा कप हातातच राहिला. ईरू मला माहीत होता. दान्बीच्या शेजारच्या पलंगावर होता तो. हृदयाला सूज आली होती. दोघांच्या मध्ये सतत पडदा असायचा, आणि दान्बी गुंगीत असतानाच तो गेला. ती दोघं एकमेकांशी एक शब्दही बोलली नव्हती.

तरी माझ्याकडे उत्तर तयार होतं. गुंगीतही कान पुरते झोपत नाहीत. परिचारिका मुलाला कुशीवर वळवताना, अंग पुसताना नावाने हाक मारतात. ते नाव दान्बीच्या कानात पडलं असणार आणि मनात रुजलं असणार. हे मी तिच्या आईला एका दमात समजावून सांगितलं. ती संत्रं सोलत ऐकत होती.

"असेल, पोरीने ऐकलं असेल," ती म्हणाली. "पण डॉक्टर, मला कुठे कुणी गुंगीचं औषध दिलं होतं? मलाही ऐकू येतं."

बोलता बोलता बाहेरचा उजेड गेला. समोरच्या इमारतीत दिवे लागले. दान्बी चित्र टाकून उठली आणि आमच्याकडे न बघता दाराशी जाऊन चपलांमध्ये बसली. थंडीत घर तापवणारी फरशीखालची ऊब तिथपर्यंत पोचत नाही. तिचे पाय उघडेच होते.

मग तो आवाज आला.

आमच्याकडे दारांना किल्ल्या नसतात, बाहेरच्या पाटीवर आकडे दाबायचे. तेच कुणीतरी दाबत होतं. अगदी सावकाश. टिक... टिक... थांबून पुन्हा टिक. नुकतं शिकलेलं मूल एकेक आकडा आठवून दाबतं, तसं. शेवटी चुकीच्या आकड्याची ती रडकी शिट्टी वाजली. थोडी शांतता. मग पुन्हा पहिल्यापासून.

बाहेरचं दाखवणारा छोटा पडदा भिंतीवर होता. मी त्यात पाहिलं. रिकामा व्हरांडा, लिफ्टचा लाल दिवा, शेजाऱ्यांची सायकल. आवाज चालूच होता.

"त्यात नाही दिसायचा," दान्बी शांतपणे म्हणाली. "तो बुटका आहे."

मी तिच्याजवळ खाली बसले. "तो काय करतोय, दान्बी?"

"त्याच्या घराचा आकडा दाबतोय. त्याला वाटतं हेच त्याचं घर... सगळी दारं सारखीच असतात ना."

"मग तो त्याच्या घरी का नाही जात?"

"गेला होता. तिथेही उघडलं नाही."

दारापलीकडे पुन्हा ती शिट्टी वाजली.

"आता तो म्हणतो," ती म्हणाली, "मला आत येता येत नाही तर तू बाहेर ये."

मागे तिच्या आईने तोंडावर हात ठेवला. नंतर तिने सांगितलं की काही दिवसांपूर्वी तिला जाग आली तर अंथरुणात पोर नाही. जिन्यावर सापडली, अनवाणी, खाली उतरत होती. एक हात कठड्यावर, आणि दुसरा बाजूला लांब धरलेला, कुणीतरी त्या हाताला धरून चालावं तसा.

मी उठले आणि दार उघडलं. व्हरांड्यात कुणीच नव्हतं. मात्र एक वास होता. जंतुनाशकाचा, आणि कातडीवर बरेच दिवस राहिलेल्या चिकटपट्टीचा. हा वास मला माझ्या कपड्यांइतका ओळखीचा. त्या इमारतीत तो असायचं कारण नव्हतं. पाटीवरचे आकडे उजळलेले होते. बोट लागल्याशिवाय ते उजळत नाहीत. माझ्यादेखत ते विझले.

ईरूच्या आईला भेटणं माझ्या कामात बसत नव्हतं. माझ्या अभ्यासात फक्त वाचलेली मुलं येतात. एका घरातली गोष्ट दुसऱ्या घरी नेणं तर नियमाबाहेरचंच. पण ती जिन्यावरची पोर माझ्या डोळ्यांपुढून हलेना. रविवारी मी बस पकडून युदाल डोंगराच्या पायथ्याशी, तिच्या घरी गेले.

दार उघडल्यावर मी तिला "ईरूची आई" अशी हाक मारली. तिने चौकट धरली. कितीतरी दिवसांत तिला कुणी तसं म्हटलं नव्हतं. आमच्याकडे बाईला तिच्या मुलाच्या नावानेच हाक मारतात, पण शेजारीपाजारी आता तिला नुसतं "अहो" म्हणायचे. नवरा मुलाच्या मागे लवकरच वेगळा झाला होता. एका ताटलीचं, एका वाटीचं घर होतं ते. माझ्या घरासारखंच.

मी सगळं सांगितलं. ती मला वेड्यात काढेल किंवा घराबाहेर काढेल अशी माझी तयारी होती. तिने फक्त विचारलं, "अंगात काय होतं त्याच्या? स्वेटर होता का?"

"मला दिसला नाही तो."

ती मान हलवत राहिली. मग तिने सांगितलं, की दाराचा आकडा म्हणजे ईरूचा वाढदिवस. त्याला लक्षात राहावा म्हणून ठेवलेला. टाचा उंचावून तो स्वतः दाबायचा, आणि दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही. त्याला पोचवून परत आली तेव्हा तिचं बोट त्या आकड्यांवर चालेना. व्हरांड्यात उभी राहिली, राहिली. शेवटी शेजाऱ्यांनी दाबून दिला. आत शिरताच तिने आकडा बदलून टाकला.

"मीच त्याला बाहेर ठेवलं," ती म्हणाली. रडली नाही. उठून तिने दारावरच्या कुलपाचं आतलं झाकण काढलं आणि जुना आकडा पुन्हा बसवला. मग आम्ही दोघी बाहेर गेलो. तिने तो स्वतः दाबला. दाराने आपली छोटीशी धून वाजवली आणि ते उघडलं. आम्ही बाहेरच उभ्या राहिलो, आतल्या दिव्याकडे बघत.

"थोडा वेळ उघडंच ठेवू," ती म्हणाली.

त्यानंतर दान्बीच्या दाराशी आवाज आला नाही. मी पुन्हा गेले तेव्हा ती खोलीभर नाचत होती आणि पडलेला पुढचा दात मला दाखवत होती. तिची आई हसून म्हणाली, आता घरात तांदूळ उरू देत नाही ही भवानी. मी सहज ईरूचं नाव काढलं. दान्बीने माझ्याकडे कोऱ्या नजरेने पाहिलं आणि "ईरू कोण?" असं विचारलं. मला वाटलं, संपलं. संशोधनात त्यातलं एक अक्षरही मी लिहिलं नाही. कुणाला सांगायचं, तेही नव्हतंच कुणी.

मग एका सकाळी, बर्फ भुरभुरत असताना, ईरूच्या आईचा फोन आला. तिचा आवाज ओळखू येईना, इतका तो मोकळा होता. बाजारात आले आहे, म्हणाली. वाट्या घ्यायला. घरात कमी पडतात.

"वाट्या कशाला?" मी विचारलं.

"एकटा नाही आला ना तो. दार उघडलं तशी पाठोपाठ त्याच्या विभागातली बाकीचीही आली. गालांवर पट्ट्यांच्या खुणा आहेत अजून बिचाऱ्यांच्या." ती हसली. "एक तर इतकं लहान आहे, चालतही नाही."

"चालत नाही, मग... ते आलं कसं?"



"असं काय विचारता, डॉक्टर," ती म्हणाली. "तुम्हीच नाही का आणलंत काल, कडेवर घेऊन? मी आत या म्हटलं, तर नको म्हणालात. अजून एक राहिलंय आणायचं, म्हणालात."

मी काल घरीच होते. एकटी. संध्याकाळीच दिवा मालवून झोपले होते.

फोन ठेवला आणि पाय आपोआप विभागाकडे वळले. काचेपलीकडे यंत्रांचे नेहमीचे आवाज चालू होते. कडेच्या पलंगावर आदल्या दिवशी आलेलं बाळ होतं. यंत्राशी भांडू नये म्हणून त्याला औषधाने पुरतं सैल करून ठेवलं होतं. त्या औषधावर पापणीही हलत नाही. परिचारिका पाठमोरी उभी राहून सलाईन बघत होती.

बाळाने डोळे उघडले. सरळ माझ्याकडे पाहिलं. आणि ओळखीच्या माणसाकडे जायला मुलं पुढे करतात तसे त्याने दोन्ही हात वर केले.