सरळ टांगलेली खुर्ची

शेगडीत एक ओंडका टाका रे, आणि तो सफरचंदाच्या सायडरचा जग इकडे सरकवा. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. ही गोष्ट अल्वा प्रुइटची आहे. अल्वाला मी शाळेपासून ओळखतो. थापा मारायला जी अक्कल लागते, ती देवाने त्याला दिलेलीच नाही.

टेकडीवरचं शेकरांचं, म्हणजे त्या जुन्या ब्रह्मचारी पंथाच्या लोकांचं मोठं घर, आता संग्रहालय झालेलं, तुम्ही रोज झाडता. पाहुण्यांना पोपटासारखं सांगता, की हे लोक साधे राहायचे, भिंतीवर चित्र नाही, अंगावर दागिना नाही, नवरा-बायको आले तरी इथे भाऊ-बहीण होऊन राहायचे, बायकांचा जिना वेगळा, पुरुषांचा वेगळा. आणि वापर नसला की खुर्च्या भिंतीच्या खुंट्यांना उलट्या टांगायचे, बैठकीवर धूळ बसू नये म्हणून. धुळीचं खरंच आहे. पण आपल्या घरात आणखी एक कारण आहे, आणि ते तुम्हाला कोणी शिकवलेलं नाही.

नोव्हेंबरात हिवाळ्यासाठी घड्याळं तासभर मागे करतात ना, गेल्या साली त्याच शनिवारी रात्री घराचा राखणदार म्हणून अल्वा किल्ली परत घ्यायला निघाला होता. एवढंच काम. किल्ली घ्यायची, कुलूप लावायचं, घरी येऊन झोपायचं. किल्ली होती कॉर्विन हेल नावाच्या फोटोग्राफरकडे. साध्या राहणीवर तो मोठं पुस्तक काढत होता. बरोबर त्याची बायको लोरना. कॅमेरा उचलायला, दिवे धरायला आणि फोटोत बसायलाही तीच. साहेबाला घाई फार आणि तोंडही तिखट. बायकोशी असा बोलायचा, की ऐकणाऱ्यालाच ओशाळं व्हावं.

दुपारी अल्वाने त्यांना वरची खोली उघडून दिली होती. उलट्या खुर्च्या बघून कॉर्विनने नाक मुरडलं. खाटकाच्या दुकानात कोंबड्या टांगल्यासारख्या दिसतात म्हणाला, आणि मधली खुर्ची काढून सरळ टांगायला लागला. अल्वाने हात धरला त्याचा.

"ती सरळ ठेवू नका. बसायला जागा दिली, की तो येऊन बसतो."

"कोण?"

मग अल्वाने शेकर इथे राहायचे तेव्हाची गोष्ट सांगितली. जेरेड वॉडली. त्याची बायको मर्सी त्याचा मार खाऊन खाऊन कंटाळली आणि शेकरांत आली. तो न्यायला आला. ती नाही म्हणाली. त्याने भिंतीवरची खुर्ची ओढली आणि तिला हाणायला लागला. शेकर कुणावर हात उचलत नाहीत. बायका मर्सीच्या अंगावर आडव्या पडल्या, पुरुष मध्ये उभे राहून मार खात राहिले. एकानेही उलटा फटका दिला नाही. तरी मर्सी मेली. जेरेडला फाशी झाली. पण त्यानंतर कुणी चुकून खुर्ची सरळ टांगली, की ती रात्री करकरायची.

कॉर्विन खो खो हसला. लोरना हसली नाही. अल्वा निघून गेल्यावर साहेबाने खुर्ची सरळच टांगली.

पुढचं लोरनाने सांगितलेलं. इस्पितळात, जबडा तारांनी बांधलेला, जमेल तेवढं.

तिला शेकर बायकांचा साधा झगा घालून भिंतीकडे पाठ करून बसवलं होतं. पायाशी एकच कंदील. कॅमेरा समोर अंधारात. भिंग बराच वेळ उघडं ठेवायचं होतं. हलायचं नाही, अशी तंबी दिली होती.

मागे भिंतीवर लाकूड करकरलं. जड माणूस बसल्यावर करकरतं तसं.

"कॉर्विन... माझ्या मागे कुणीतरी आहे."

समोरच्या अंधारातून त्याचा आवाज आला. "हलू नकोस. थोडंच राहिलंय."

मागे जमिनीवर पाय टेकल्याचा आवाज झाला. मग खुंटीवरून काहीतरी निघालं.

"कॉर्विन..."

"हलायचं नाही म्हटलं ना!"

आणि ती हलली नाही. सवय, बाबांनो. त्या बाईला ती सवयच लागली होती.

पहिला तडाखा खांद्यावर. हाड मोडल्याचं तिला ऐकू आलं. दुसरा तोंडावर. ती खाली पडली. तोंडात दात. रक्त. तिसरा पाठीवर...

किंकाळी अल्वाने जिन्यात ऐकली. तो धावत वर गेला. कॉर्विन भिंतीशी पडला होता, मनगट उलटं वळलेलं. आणि खुर्ची... खुर्ची हवेत होती. धरायला कुणी नाही. वर जात होती. खाली येत होती. लोरनाच्या अंगावर.

अल्वाचा आजा शेकरांनीच वाढवलेला. अल्वाने काठी उचलली नाही. तो लोरनावर आडवा पडला.

एक तडाखा. आणखी एक. त्याची बरगडी गेली. तो तसाच पडून राहिला. आणखी एक...

मग थांबलं. खुर्ची शेजारी पडली. अल्वा कसाबसा उठला, त्याने ती उलटी केली आणि खुंटीला टांगली. पुन्हा काही आवाज आला नाही.

लोरना वाचली. नवऱ्याकडे मात्र परत गेली नाही. लोकांना वाटलं, घाबरली बिचारी. मलाही तसंच वाटलं होतं. वसंतात ती अल्वाकडे आली आणि तिने त्या रात्रीचा फोटो त्याच्या टेबलावर ठेवला. मी तिथेच होतो. मी पाहिलाय.

फोटोत लोरना बसली आहे, चेहरा शाबूत. तिच्या मागे एक माणूस, दोन्ही हातांनी खुर्ची डोक्यावर उचललेली. जेरेड वॉडली नाही.

कॉर्विन.

अल्वा म्हणाला, खुर्ची हिसकावायला कॉर्विन धावत आला असेल, तेव्हा उमटला असेल. लोरनाने मान हलवली. बांधलेल्या जबड्याने बोलायची सवय झालेली, अजून हळूच बोलत होती. ती म्हणाली, भिंग इतका वेळ उघडं असलं, की धावणारा माणूस फोटोत येतच नाही. नुसता धूर दिसतो, तोही नशीब असलं तर.

आणि हा तर स्पष्ट होता. कोटाची बटणं मोजावीत इतका. आणि त्याचा आवाज तर तिला समोरच्या अंधारातून येत होता.

"एवढं स्पष्ट यायचं तर..." ती म्हणाली आणि थांबली.

"तर सगळा वेळ तिथेच उभं राहावं लागतं. न हलता."